खनिज आणि गोलरक्षक

फुटबॉलच्या संघात अकरा खेळाडू असतात, परंतु गोलरक्षकाची जागा एकच. आघाडीच्या खेळाडूला जागा बदलून खेळविता येते, अखेरच्या दहा मिनिटांत मैदानात उतरविता येते. दुसऱ्या क्रमांकाच्या गोलरक्षकाला मात्र पहिला जायबंदी होईपर्यंत बहुधा बसूनच राहावे लागते. शिवाय ही कला परिपक्व होण्यास वर्षे लागतात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे प्रतीक्षा हाच भांडवली खर्च होय. तो सोसणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

युरोपात तो बाजारपेठ सोसते. सर्बियाचा व्लादिमीर स्टोयकोविच बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबातून फ्रान्सला गेला, पुढे पोर्तुगालच्या क्लबाशी करारबद्ध झाला आणि तेथून उसनवारीवर स्पेन व इंग्लंड असा फिरला. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीची पेनल्टी अडवून त्याने सर्बियाला १-० असा विजय मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. एका दाराशी जागा नसेल तर दुसरे दार उघडे, ही त्या व्यवस्थेची सोय आहे. आपल्याकडे गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला व २०१७ मध्ये परतला. परंतु अशी उदाहरणे अपवादात्मकच.

अशी बाजारपेठ नसतानाही गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक घडविला, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. त्यांच्या कारकिर्दीचा बहुतांश काळ साळगावकर क्लबात गेला. गोव्याने १९८३ मध्ये बंगालसह संयुक्तपणे आणि १९८४ मध्ये एकट्याने संतोष करंडक जिंकला, तेव्हा गोलपुढे तेच उभे होते. या स्पर्धेत सलग ५७६ मिनिटे गोल न होऊ देण्याचा विक्रम त्यांच्या नावावर आहे. भारताचे कर्णधारपद त्यांनी भूषविले. १९९७ चा अर्जुन पुरस्कार व २०२२ मध्ये पद्मश्री त्यांना लाभली. परदेशी क्लबाचा करार न होताही ही कारकीर्द उभी राहिली. साळगावकर, धेंपो, सेसा या क्लबांमागे लोहखनिजाचा व्यवसाय करणारी घराणी व कंपन्या होत्या. जमिनीतून निघालेल्या संपत्तीचा एक अंश मैदानावर परतत होता.

अर्थात, मालकाच्या मर्जीवर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेला मर्यादा असतात. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकाम थांबले. २०१६ मध्ये महासंघाच्या नव्या आराखड्याशी मतभेद होऊन साळगावकर क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. औदार्य कितीही मोठे असले तरी ते हक्काची जागा घेऊ शकत नाही.

आता आपल्याकडे पाहू. चंद्रपूरचा कोळसा, बल्लारपूरचा कागद, येथली वीज आणि सिमेंट यांवर कित्येक पिढ्या इतरत्र समृद्ध झाल्या. आता गडचिरोलीतील सुरजागडचे लोहखनिजही बाहेर जाऊ लागले आहे. धूळ आणि अवजड वाहनांची वर्दळ तेवढी आपल्या वाट्याला राहते. मात्र गोव्याला जे नव्हते ते आज आपल्यापाशी आहे. २०१५ च्या कायदादुरुस्तीने खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. त्यांचा निधी मालकाची मेहेरबानी नसून कायद्याने दिलेला वाटा आहे.

या निधीवर पाणी, आरोग्य व शिक्षण यांचा पहिला हक्क आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु आश्रमशाळेतील मुलाला सपाट मैदान, पगारी प्रशिक्षक आणि दहावीनंतर चार-पाच वर्षांची शिष्यवृत्ती देणे हेही शिक्षणच नव्हे काय? एटापल्ली वा राजुऱ्याचा मुलगा पुढे कोठे खेळेल, हे त्याच्या गुणांवर ठरावे. गुण सिद्ध होईपर्यंत त्याला थांबता यावे, एवढी तजवीज मात्र आपण केली पाहिजे. खनिज एकदाच निघते. त्याच्या मोबदल्यात माणसे घडली नाहीत, तर मागे केवळ खड्डे उरतील.