सोलापूर ते मोपा: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळापासून गोव्यातील मोपा विमानतळापर्यंतचे महावर्तुळ-अंतर, म्हणजे पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर, सुमारे ३०० किलोमीटर आहे. जून २०२५ मध्ये या मार्गावर सुरू झालेल्या सेवेतील एटीआर ७२ हे पंख्यांचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडत असल्याने हिशेबाने ३६ मिनिटे पुरावीत. तरीही वेळापत्रकात सुमारे तासाभराचा अवधी धरतात, आणि तो योग्यच आहे, कारण विमान जागेवरून हलल्यापासून गोव्यात थांबेपर्यंतचा तो सगळा काळ असून त्यात धावपट्टीपर्यंतची संथ चाल, चढण आणि उतरण्यापूर्वीचे वळसे येतात. सोलापूरपासून मुंबईचे हवाई अंतर सुमारे ३६०, तर दौंड, पुणे व बोरघाटमार्गे जाणाऱ्या रेल्वेचे ४५५ किलोमीटर भरते.