निद्रानाश, प्रकाश आणि शरीरातील घड्याळ

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, हे आपण सारेच जाणतो. तथापि चिकित्सालयात रुग्णाच्या आहाराची चौकशी जितक्या बारकाईने होते, तितकी निद्रेची होत नाही. ‘झोप लागत नाही’ एवढे ऐकताच आपली लेखणी जटामांसी, तगर अथवा अश्वगंधेकडे वळते. औषधविक्रेत्याच्या दुकानात तर तेवढाही विचार होत नाही. झोपेची गोळी वा चूर्ण मागितले जाते आणि दिले जाते. द्रव्ययोजनेपूर्वी रुग्णाच्या दिवसातील प्रकाश आणि काळ यांची चौकशी व्हावयास हवी, असे आमचे मत आहे. गेल्या काही दशकांतील संशोधन या मतास बळकटी देते.

घड्याळ कोठे आहे?

सन १७२९ मध्ये फ्रान्समधील द मेराँ या खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखे संवेदनशील रोपटे अंधारात ठेवले. सूर्यप्रकाश नसतानाही त्याची पाने ठरावीक वेळी उघडत व मिटत राहिली. मनुष्यामध्येही असे अंगभूत कालचक्र आहे, हे १९६० च्या दशकात जर्मनीतील आंडेक्स येथे भूमिगत खोल्यांत राहिलेल्या स्वयंसेवकांवरून सिद्ध झाले. १९७२ मध्ये या घड्याळाचे स्थान मेंदूत सापडले. दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतूंच्या छेदनस्थानी, किंचित वर, सुमारे वीस हजार पेशींचे ते केंद्र आहे. त्याची आण्विक रचना फळमाशीवरील अभ्यासातून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यातील चिकित्सोपयोगी गोष्ट अशी की, हे घड्याळ चोवीस तासांचे तंतोतंत नाही. झाइसलर यांच्या १९९९ च्या अभ्यासात मनुष्यामध्ये त्याचा सरासरी अवधी २४ तास ११ मिनिटे आढळला. म्हणजे रोज ते जुळवून घ्यावे लागते, आणि जुळविणारा प्रमुख घटक प्रकाश होय.

नेत्राचे दुसरे कार्य

नेत्राचे कार्य रूपग्रहण, एवढेच आपण मानत आलो. २००२ मध्ये मात्र दृष्टिपटलावर अशा पेशी निश्चित झाल्या की ज्या स्वतः प्रकाश टिपतात आणि तो संदेश थेट या केंद्राकडे पाठवितात. त्यांतील मेलॅनॉप्सिन हे द्रव्य निळसर प्रकाशास सर्वाधिक प्रतिसाद देते. दृष्टी गेलेल्या काही व्यक्तींमध्येही तीव्र प्रकाशाने रात्रीचे मेलॅटोनिन घटते, हे १९९५ मध्येच दिसून आले होते. मेलॅटोनिन हा अंधारात स्रवणारा, शरीरास रात्र झाल्याचे सांगणारा अंतःस्राव आहे.

सायंकाळी व रात्रीच्या पूर्वार्धात मिळालेला प्रकाश घड्याळ मागे ढकलतो. पहाटेच्या उत्तरार्धात व सकाळी मिळालेला प्रकाश ते पुढे आणतो. अमेरिकेतील एका प्रयोगात बारा व्यक्तींनी निजण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर वाचन केले. छापील पुस्तकाच्या तुलनेत त्यांना झोप सुमारे दहा मिनिटे उशिरा लागली. परंतु दुसऱ्या दिवशी मेलॅटोनिनची वेळ दीड तासाने मागे गेलेली आढळली. झोपेतील तूट लहान, घड्याळातील तूट मोठी! उलटपक्षी, कोलोरॅडोच्या पर्वतात आठ व्यक्ती एक आठवडा केवळ सूर्य व शेकोटी यांच्या प्रकाशात राहिल्या, तेव्हा त्यांचे घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे आले. त्याचे वृत्त २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही प्रयोग लहान आहेत, हे ध्यानात ठेवावे. पण दोहोंची दिशा एकच आहे.

ब्राह्ममुहूर्त आणि मनगटी घड्याळ

‘पहाटे चारला उठा’ असा सरसकट उपदेश आपल्याकडे केला जातो. ब्राह्ममुहूर्त मात्र सूर्योदयाशी बांधलेला आहे. सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांनी त्याचा आरंभ होतो. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर आधारलेली असल्याने मुंबईचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे चालतो, तर नागपूरचा सुमारे १४ मिनिटे. जानेवारीत मुंबईस सूर्योदय सातनंतर होतो. तेव्हा तेथे ब्राह्ममुहूर्त साडेपाचच्या सुमारास लागतो. जूनमध्ये तोच साडेचारच्या आसपास येतो.

रात्री दोनला निजणाऱ्या तरुणास एकाएकी चार वाजता उठवून ट्यूबलाइटच्या उजेडात बसविले तर काय होईल? त्याच्या शरीराची ती मध्यरात्रच असते. त्या वेळचा प्रकाश त्याचे घड्याळ आणखी मागे नेण्याचा संभव असतो. म्हणून अशा रुग्णास उठण्याची वेळ दर काही दिवसांनी पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणावयास सांगावी आणि उठल्यावर उन्हात चालण्यास धाडावे. ‘स्वस्थाने’ हा शब्द विसरून दिनचर्या सांगणे योग्य नव्हे.

रात्रपाळीचा रुग्ण

परिचारिका, पहारेकरी, कारखान्यातील कामगार, कॉल सेंटरमधील तरुण हे सारे आपल्याकडे अम्लपित्त, मलावष्टंभ व निद्रानाश घेऊन येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये कालचक्र बिघडविणाऱ्या पाळीच्या कामास व पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीस ‘बहुधा कर्करोगजनक’ या गटात ठेवले. वाग्भटांनी जागरणाच्या अर्ध्या काळाइतकी निद्रा सकाळी, भोजनापूर्वी घ्यावी असे सांगितले आहे. घरी परततानाचे ऊन टाळणे व खोली काळोखी करणे, ही आजची जोड त्यास द्यावी.

येथे एक सावधगिरीचा शब्द. ‘हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह टाळावा. चरकांनी ‘रात्रिस्वभावप्रभवा’ निद्रा वेगळी मानली, हे त्यांच्या निरीक्षणाचे मोठेपण होय. मेलॅनॉप्सिन त्यांनी सांगितले नाही. दोहोंना आपापल्या जागी ठेवल्यानेच शास्त्राची प्रतिष्ठा राहते.

व्यवहारात काय करावे?

निद्रानाशाच्या प्रत्येक रुग्णास पुढील प्रश्न विचारावेत :

१. सुट्टीच्या दिवशी आपण होऊन केव्हा झोप येते व केव्हा जाग येते?
२. सकाळी उघड्यावर किती वेळ जातो?
३. निजण्यापूर्वीच्या तीन तासांत दिवे व मोबाइल यांची स्थिती काय असते?
४. घोरणे, झोपेत श्वास अडखळणे, दिवसा पेंग येणे आहे काय?
५. झोपेची कोणती औषधे, किती काळ चालू आहेत?

सुट्टीत उशिरा पण गाढ झोप लागत असेल, तर दोष बहुधा निद्रेत नसून वेळेत आहे. ढगाळ दिवशीही बाहेर घरातील दिव्यांच्या कितीतरी पट प्रकाश असतो. म्हणून सकाळी अर्धा तास बाहेर काढावा. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सुचविलेले प्रमाण, या पेशींच्या संवेदनेनुसार मोजलेल्या लक्समध्ये, असे आहे : दिवसा किमान २५०, निजण्यापूर्वी तीन तास कमाल १०, निद्राकाळी कमाल १.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असल्यास शामक द्रव्य देण्यापूर्वी निद्रापरीक्षणासाठी पाठवावे. आधुनिक शामक गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्याच्या गोळ्या एकाएकी बंद करू नयेत. त्याने झटके येण्याचाही धोका असतो. सर्पगंधा विषादाच्या रुग्णास देऊ नये.

औषधविक्रेते बंधूंनी निदान शेवटचे दोन प्रश्न विचारल्याविना झोपेचे औषध ग्राहकाच्या हाती ठेवू नये, ही आमची आग्रहाची विनंती. एखादी विक्री कमी होईल. परंतु श्वास अडखळणारा एखादा रुग्ण वेळीच योग्य ठिकाणी पोहोचेल.