चिक्कीच्या बिलातले दहा रुपये

शनिवारी दुपारी लोणावळ्याच्या बाजारातून चक्कर मारा. चिक्कीच्या दुकानांपुढे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची ही रांग. बघणारा म्हणतोच, "नगरपरिषदेची चंगळ आहे बुवा!" आमच्या मावळातला हा सगळ्यात लाडका गैरसमज.

दोनशे रुपयांची शेंगदाणा चिक्की घ्या आणि बिल नीट वाचा. चिक्कीवर आधी १८ टक्के जीएसटी होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. म्हणजे दोनशेवर दहा रुपये. पाच केंद्राचे, पाच राज्याचे. केंद्राच्या पाचातले ४१ टक्के राज्यांमध्ये वाटायचे आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) सूत्राप्रमाणे त्यातले ६.३१७ टक्के महाराष्ट्राला. हिशेब करा, जेमतेम १३ पैसे होतात. नगरपरिषदेच्या नावाची ओळच बिलात नाही.

पूर्वी जकात होती. शेंगदाण्याचं पोतं गावात शिरलं की नाक्यावर पैसे मोजायचे. १९९९ साली राज्याने नगरपरिषदांची जकात बंद केली आणि बदल्यात सहायक अनुदान देऊ केलं. नाक्यावरचा खोळंबा गेला हे उत्तमच झालं, पण गावाच्या कमाईची किल्ली मंत्रालयात गेली. पर्यटक दुप्पट आले म्हणून अनुदान दुप्पट होत नाही. कचरा होतो.

"मग टोल?" द्रुतगती मार्गाचा टोल हा रस्ते विकास महामंडळ आणि त्याच्या ठेकेदाराचा मामला, आमच्या गटारीशी त्याचा संबंध नाही. उरते मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. त्यातही लोणावळा पडलं रेल्वेचं गाव. संविधानाच्या कलम २८५ मुळे केंद्राच्या मालमत्तेवर सहसा स्थानिक कर लावता येत नाही, फार तर सेवाशुल्क ठरतं. पावसाळ्यात ज्याच्या पायऱ्यांवर अर्धी मुंबई भिजते, ते भुशी धरणसुद्धा रेल्वेचंच.

"कर आम्ही भरतो, बाकीचे फुकट खातात," हे दुसरं पालुपद, बहुधा आयकर भरणाऱ्याच्या तोंडी. पवन मावळातून भाजीची पाटी घेऊन आलेल्या मावशी नातवाला चिक्की घेतात, तेव्हा त्यांनाही तेच पाच टक्के लागतात. कमाईच्या मानाने आपल्यापेक्षा जडच.

आणि "सरकारी माणसं फार झालीत"? १ मार्च २०२१ रोजी केंद्राच्या ४०.३५ लाख मंजूर पदांपैकी ९.७९ लाख रिकामी होती. इथलं चित्र मी फेरफाराच्या नोंदीसाठी हेलपाटे घालताना पाहिलं. तलाठी कचेरीला तीनदा कुलूप. चिडून चौथ्यांदा गेलो, तर कळलं की भाऊसाहेबांकडे शेजारच्या सजाचाही कार्यभार आहे. शेवटी भेटले ते दारातच, हातात माझीच कागदपत्रं घेऊन. शिपाई नसल्यामुळे स्वतःच झेरॉक्स काढायला निघाले होते.