डोंगरावरचें घर आणि पायथ्याचें पाणी

मुलेंबाळें मार्गीं लागलीं, निवृत्तीचा काळ जवळ आला, म्हणजे थंड हवेच्या एखाद्या डोंगरावर आपलें लहानसें घर असावें, अशी इच्छा हल्लीं पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत दिसून येते. तींत वाईट कांहीं नाहीं. उतारवयांत वनाकडे तोंड करावें, ही कल्पना आमच्याकडे फार जुनी आहे. फरक इतकाच, कीं पूर्वींचा वानप्रस्थ घर मागें ठेवून जाई, आणि हल्लींचा आणखी एक घर बांधून जातो. या दुसऱ्या घरास अलीकडे 'पर्यावरणस्नेही' असें विशेषण लावण्याची रीत पडली आहे. जाहिरातींत छपरावर सौरशक्तीचे तक्ते, अंगणांत हिरवळ आणि भिंतीस मातीचा रंग इतकें दाखविलें, कीं काम झालें. हें विशेषण कोणत्या घरास खरोखर शोभेल, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आम्ही फुलंब्रीकर असल्यामुळें या प्रश्नाकडे डोंगराच्या पायथ्याहून पाहतों. आमच्या पश्चिमेस, खुलताबादेपासून सुमारें १२ किलोमीटरांवर, म्हैसमाळचें पठार आहे. उंची सुमारें तीन हजार फूट. वर गिरिजामातेचें देऊळ. पावसाळ्यांत तेथें धुकें उतरतें, आणि त्याला लोक कौतुकानें मराठवाड्याचें महाबळेश्वर म्हणतात. याच डोंगरांत उगम पावणारी गिरिजा नदी फुलंब्री तालुक्यांतून वाहत जाते, पुढें पूर्णेस मिळते, आणि पूर्णेबरोबर गोदावरींत जाते. तेव्हां म्हैसमाळास जो घर बांधतो तो आमच्या नदीच्या माहेरीं घर बांधतो. त्याच्या मोरीशीं आमच्या विहिरीचा संबंध येतो, तो असा.

डोंगरावर हवा खाण्यासाठीं घरें बांधण्याची चाल आपल्याकडे इंग्रजांनीं पाडली, असें समजतात. महाबळेश्वरची वसाहत सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत, १८२८ च्या सुमारास, उभी राहिली. माथेरानची वाट ह्यू मॅलेट यानें १८५० सालीं शोधली, आणि १९०७ सालीं तेथें आगगाडी गेली. परंतु सह्याद्रीच्या अंगावर घर करणारे पहिले लोक इंग्रज नव्हते. त्यांच्या आधीं अठराशें वर्षें बौद्ध भिक्षु पावसाळ्यांत येथील लेण्यांत राहत असत. कान्हेरी आणि जुन्नर येथील शिलालेख पाहिले, तर एक गोष्ट चटकन् लक्षांत येते. दाता लेण्याचा उल्लेख करतो, त्याबरोबर अनेकदां 'पोढी'चाही करतो. पोढी म्हणजे पाण्याचें टाकें. डोंगरावर पडलेला पाऊस खडकांतल्या पन्हळींनीं टाक्यांत उतरवावा आणि तोच वर्षभर पुरवावा, ही त्यांची व्यवस्था होती. निवारा आणि पाणी यांचें दान एकत्र होत असे. आमच्या मतें डोंगरावरच्या घराची खरी कसोटी या एका प्राकृत शब्दांत सांपडते.

इंग्रजी वसाहतींत हा विवेक टिकला नाहीं. महाबळेश्वर हें कृष्णेचें उगमस्थान. वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस तेथें पडतो, तरी उन्हाळ्यांत पाण्याची ओढ लागते. बांधकामाचा भार इतका वाढला, कीं सरकारला महाबळेश्वर-पांचगणीचा प्रदेश २००१ सालीं आणि माथेरान २००३ सालीं 'संवेदनक्षम क्षेत्र' म्हणून घोषित करून नवीन बांधकामास आळा घालावा लागला. पुण्याजवळ मोसे नदीच्या खोऱ्यांत, वरसगांव धरणाच्या काठीं, लवासा नांवाचें डोंगरी नगर उभें राहत होतें. त्याचें काम २०१० सालीं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीमुळें थांबलें, आणि पुढें ती संस्था दिवाळखोरीच्या कारवाईंत सांपडली. तेथेंही वादाचा एक मोठा मुद्दा हाच होता, कीं डोंगरांतलें पाणी आधीं कोणाचें?

आतां आमच्या डोंगराची जमीन पाहूं. तो लाव्हाच्या थरांनीं बनलेला काळा पाषाण आहे. माती वीतभर, तिच्याखालीं मुरूम, आणि त्याखालीं कठीण खडक. पावसाचें पाणी मुरुमांत व खडकाच्या भेगांत मुरतें आणि महिन्यांमागून महिने झिरपत खालच्या झऱ्यांना व विहिरींना येऊन मिळतें. माथ्यावर पाणी साठविणारें मोठें भांडें असें निसर्गानें ठेवलेलेंच नाहीं. म्हणून माथ्यावर विंधनविहीर घेतली, तर पुष्कळदां खालीं येणारें पाणीच वाटेंत अडविलें जातें. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानें अधिसूचित क्षेत्रांत साठ मीटरांहून खोल विहिरींवर बंधन घातलें आहे, तें उगाच नव्हे.

आमचा एक जुना विद्यार्थी शहरांत चांगला स्थिरावला आहे. डोंगरावर जागा पाहून ठेविली असल्याचें सांगत तो एकदां आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, घराला एखादें छानसें संस्कृत नांव सुचवा. 'पर्णकुटी' कसें वाटतें?" आम्हीं विचारलें, "पाणी कोठलें?" तो म्हणाला, "त्याची काळजी नाहीं. तीनशें फूट बोअर घेणार आहें. पुढें हिरवळ करावयाची आहे ना!" आम्हीं त्याला सांगितलें, कीं नांव मागाहून पाहूं, आधीं कागद-पेन्सिल घे. मग जें गणित आम्हीं त्याच्याकडून सोडवून घेतलें, तेंच वाचकांपुढें मांडतों.

छपराच्या एका चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होतें. आमच्या भागांत सरासरी पाऊस सुमारें ७०० मिलिमीटर. घराचें छप्पर १०० चौरस मीटर धरलें, तर वर्षास ७०,००० लिटर पाणी त्यावर पडतें. पांचवा हिस्सा वाया गेला असें मानलें, तरी ५६,००० लिटर हातीं राहतें. चार माणसांचें कुटुंब माणशीं ८० लिटरांप्रमाणें दिवसास ३२० लिटर वापरील. असें कुटुंब वर्षांत ४० दिवस डोंगरावर राहिलें, तर त्यास १२,८०० लिटर पुरेत. दुष्काळानें पाऊस निम्म्यावर आला, तरी २८,००० लिटर मिळतात. म्हणजे जें घर वर्षांतून चाळीस दिवस उघडावयाचें, त्याला भूमीच्या पोटांतलें थेंबभरही पाणी लागत नाहीं. पांच मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल असें झांकलेलें टाकें बांधलें, तर त्यांत ३०,००० लिटर राहतात. मात्र हिरवळ केली, कीं हें सारें गणित कोसळतें. हिरवळीऐवजीं डोंगराचें गवत वाढूं द्यावें. तें पावसाबरोबर उगवतें आणि पावसाबरोबर वाळतें, कोणाकडे कांहीं मागत नाहीं.

वापरलेल्या पाण्याचाही हिशेब हवा. पातळ मातीखालीं भेगाळलेला खडक असल्यामुळें वरची घाण न गाळतां खालच्या झऱ्यापर्यंत पोंचूं शकते. स्नानाचें व भांड्यांचें पाणी कर्दळी-केळीच्या वाफ्यांत जिरवावें. शौचाची टाकी नीट बांधलेली आणि झऱ्यापासून दूर असावी.

भिंतींविषयीं एक इशारा देणें आवश्यक आहे. स्थानिक दगड, चुना आणि आमच्याकडचें धाब्याचें छप्पर हीं उष्णतेच्या दृष्टीनें उत्तम आहेत, आणि दूरच्या विटा-सिमेंटाची वाहतूक त्यांनीं वांचते. परंतु जुनें तें सर्व निर्धोक, असें समजूं नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें दगावलीं, तीं बहुतांशीं चिखलांत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचीं जड माळवदें कोसळल्यामुळें. भिंतीच्या दोन्ही अंगांस बांधणारे आरपार दगड, चांगला चुना किंवा सिमेंट, आणि सभोंवार फिरणारे पक्के पट्टे यांवांचून दगडी घर बांधूं नये. छप्परही हलकें असावें.

आतां सर्वांत मोठी बचत. चाळीस दिवसांसाठीं बांधलेलें घर उरलेले सव्वातीनशें दिवस कुलुपांत राहतें. त्याचा दगड, त्याचें लोखंड, त्याच्यासाठीं तोडलेलें झाड, हें सारें त्या कुलुपामागें पडून असतें. चार स्नेही कुटुंबांनीं मिळून एकच घर बांधलें, तर काय होतें? चौघांचे मिळून १६० दिवस, आणि लागणारें पाणी ५१,२०० लिटर. छपरावरचें ५६,००० पुरून उरतें. टाक्यांतल्या ३०,००० लिटरांवर कोरड्या ऋतूंतले सुमारें नव्वद दिवस निघतात. उरलेले सत्तर दिवस पावसाळ्यांतले घ्यावे. नाहीं तरी म्हैसमाळची शोभा पावसाळ्यांतच आहे. मालकीहक्काचा आनंद यांत चतुर्थांश होतो खरा, पण मुलांना सोबती मिळतात आणि घराला माणसें.

जागा घेतांना सातबारा व वनहद्द नीट तपासावी. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यावर आपल्याकडे १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्यानें निर्बंध आहेत, हें ध्यानांत ठेवावें. आणि राखणीसाठीं वरच्याच गांवचें कुटुंब ठेवून त्यास बारमाही वेतन द्यावें. वर्षभर त्या डोंगरावर राहणारे तेच, आपण पाहुणे.

वाचकांस हा सारा खटाटोप अतिरेकी वाटेल. पण २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तें याच मराठवाड्यांत. आमच्या तालुक्यांतही अवर्षणाच्या सालीं चैत्र-वैशाखांत टँकर येण्याची वाट पाहत बायामाणसें हंडे रांगेंत लावून बसतात. नेमक्या त्याच दिवसांत डोंगरावरचीं घरें उघडतात. वरच्या नळाला येणारें पाणी आपल्या छपरावरचें कीं खालच्या हंड्यांतलें, एवढें ज्याला ठाऊक आहे, त्यानें खुशाल घर बांधावें.

त्या विद्यार्थ्यानें बोअरचा बेत सोडला, आणि दोन स्नेह्यांशीं भागी करण्याचें बोलणें चालविलें आहे. टाक्याचा नकाशा त्यानें मागल्या महिन्यांत आम्हांस दाखविला. नांवाविषयीं तो पुन्हा विचारील, तर 'पोढी' हें सुचवावें असें आमच्या मनांत आहे.