यादीतल्या ओळीतून आलेली गाडी

१९६४ची पॉन्टियाक जीटीओ विकत घ्यायला आलेला जाणकार आधी बॉनेट उघडायला लावतो. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात चिंधी. इंजिन ब्लॉकच्या पुढच्या अंगावरचा ग्रीसचा थर पुसला, की खालून ठोकलेली अक्षरं वर येतात: ७६एक्स. म्हणजे तीन कार्ब्युरेटर, ३४८ अश्वशक्ती, हाताने बदलायचे गिअर. रंग आणि क्रोमचं कौतुक त्यानंतर.

एवढी झडती घ्यावी लागते, कारण ही गाडी मुळात पळवाटेतून आली. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून, म्हणजे सुमारे ५.४ लिटरहून, मोठं इंजिन घालायचं नाही, असा पॉन्टियाकची मालक कंपनी जनरल मोटर्सचा दंडक होता. पॉन्टियाकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग नवं मॉडेल काढलंच नाही. टेम्पेस्ट ल मान्स या सालस गाडीच्या जादा सामानाच्या यादीत, तीनशे डॉलरच्या आसपास किंमत लावून, ३८९ घनइंचांचं व्ही-८ ठेवून दिलं. मॉडेल असतं तर वरची मंजुरी लागली असती. यादीतली ओळ कोण वाचतो! नाव तर सरळ फेरारीकडून उचललेलं. विक्री खातं पाच हजार गाड्यांनाही कचरत होतं. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या, आणि दंडकाचं नाव कुणी काढेना.

त्या चलाखीचा भुर्दंड आजचा मालक भरतो. १९६४ आणि १९६५च्या चासी नंबरावरून गाडी जीटीओ आहे की साधी ल मान्स, हे कळतच नाही. नंबरात वेगळी ओळख मिळाली ती १९६६ला. त्यामुळे ल मान्सवर बिल्ले चढवून ती जीटीओच्या भावाने खपवणारे निपजले. उतारा एकच, कारखान्याची मूळ नोंद. पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस तिची नक्कल काढून देते.

अस्सल निघाली, तरी सुख लगेच नाही. त्या काळच्या पेट्रोलमधलं शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका सांभाळायचं. ते गेल्यामुळे हेड उतरवलं की कडक पोलादाच्या बैठका बसवून घेतात. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुने रबरी पाइप खातं.

मग एकदा रस्ता मोकळा मिळतो. एरवी मधला कार्ब्युरेटर एकटाच राबत असतो. पाय खोल गेला की कडेचे दोघे उघडतात, आवाज घोगरा होतो आणि पाठ सीटला चिकटते. थांबवायला मात्र चारही चाकांना साडेनऊ इंचांचे ड्रम ब्रेक. दोन-तीनदा जोरात दाबले की तापून ढिले पडतात.

डेट्रॉइटहून पॉन्टियाक गावाकडे जाणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिथे जीटीओवाला पुढच्या गाडीपासून चांगलं दोन गाड्यांचं अंतर राखून असतो. लोकांना तो ऐटीत चाललाय असं वाटतं.