किमान रक्कम, कमाल घोर

कार्डाच्या बिलावरची ‘किमान देय रक्कम’ पाहून हायसे वाटते, आणि माणूस तिथेच अडकतो. थकबाकी १ लाख, व्याज महिना साडेतीन टक्के धरा. व्याजाचे ३,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३० रुपये. म्हणजे ५,००० भरले तरी मुद्दल जेमतेम ८७० रुपयांनी उतरते. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही व्याज लागते. तेव्हा कार्ड आधी पाकिटातून (आणि शॉपिंग ॲपमधूनही) काढा. थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून मिळेल का, हे बँकेला विचारा.

फोन वाजला की छातीत धस्स होते? वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकावू नये, चारचौघांत अपमान करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

रोज रात्री ॲप उघडून आकडा बघितल्याने तो घटत नाही. आठवड्याचा एक वार ठरवा आणि घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून हिशेब पाहा. झोपच उडाली असेल, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, २४ तास चालते आणि मराठीतही बोलता येते.