नवी गाय कुठे बांधायची?

येवल्याकडे गाय विकत घेताना गिऱ्हाईक दात मोजतं, कास चाचपतं, चार पावलं चालवून बघतं. थर्मामीटर कुणाच्या खिशात नसतो. असता तरी भरवसा नव्हता. लम्पीचा विषाणू अंगात शिरल्यावर गाठी उठेपर्यंत कधीकधी चार आठवडे जातात, आणि तोवर गाय धडधाकट दिसू शकते.

ऑगस्ट २०२२मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात लम्पीची जनावरं आढळली. पुढच्याच महिन्यात अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, जनावरांचे बाजार बंद पडले आणि गायीबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्याची धांदल उडाली. संकरित गायी आणि वासरं यांना हा आजार जास्त जाचतो, म्हशींना त्या मानाने कमी.

लम्पी पसरवतात चावऱ्या माश्या, डास, गोचीड. पावसाळ्यात गोठ्यालगतच्या उकिरड्यावर माश्यांचं फावतं. पण माशी फार लांब उडत नाही, लांबचा पल्ला टेम्पो गाठतो. येवला तालुका एका अंगाला कोपरगावला, दुसऱ्या अंगाला वैजापूरला भिडलेला. सकाळी एका जिल्ह्यात सौदा झालेली गाय दुपारी दुसऱ्या जिल्ह्यात वैरण खात असते.

लाळ्या खुरकुताला तर माशीचीही गरज नाही. आजारी जनावराची लाळ गावच्या हौदात पडली, की त्याच हौदावर येणाऱ्या बाकीच्यांना धोका. माणसाच्या चपलेवरून, गाडीच्या चाकावरूनही हा विषाणू जातो. ऊसतोडीच्या हंगामात गावोगावचे बैल कारखान्याच्या तळावर महिनोन्‌महिने दाटीने राहतात, ती जागा या रोगाला आयतीच. लसीचा जोर अंगात यायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी टोचून घेतलेली लस वेळेवर कामाला येत नाही.

गर्भपात करवणारा ब्रुसेला मात्र चुपचाप येतो. गाय गाभडते, वार उघड्यावर फेकली जाते, कुत्री ती ओढत नेतात. हा जंतू माणसालाही लागतो, म्हणून वार हातमोजे घालून खोल पुरावी. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात लस मिळते, तीही एकदाच.

नवं जनावर महिनाभर वेगळं बांधा, असं पशुवैद्य सांगतात. दोन गायींच्या मालकाला दुसरा गोठा कुठून परवडणार, हा प्रश्न खराच. पण यासाठी पत्र्याची शेड लागत नाही. बांधावरच्या बाभळीखाली एक खुंटा, वेगळी बादली, आणि धार काढायची ती सगळ्यात शेवटी.